अक्षर आधी, पाते नंतर: पूर्व युरोपातील ज्यू परंपरेचा ‘मिझ्राख’ कागदातून कसा कापावा

एकोणिसाव्या शतकात पोलंड, गॅलिशिया, लिथुएनिया आणि युक्रेन या भागांतील ज्यू घरांत पूर्वेच्या भिंतीवर पुष्कळदा एक कापीव कागद लावलेला असे. त्याच्या मधोमध सात शाखांची मेनोरा, म्हणजे समई, तिच्या दोन्ही बाजूंना एकमेकांकडे तोंड केलेले सिंह, वर तोराचा, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचा, मुकुट, कडेला पिळाचे खांब आणि वेलबुट्टी, आणि या सगळ्यांमध्ये जागा राखून बसवलेली हिब्रू अक्षरे असत. याला मिझ्राख म्हणतात. या शब्दाचा अर्थ पूर्व. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून म्हणायची असते आणि युरोपातून जेरुसलेम पूर्वेकडे येते, म्हणून तो कागद घरातल्या माणसांना दिशा दाखवत असे.

हे काम करणारे बहुतेक पुरुष आणि मुलगे होते. त्यांत येशिवात धर्मग्रंथांचा अभ्यास करणारे विद्यार्थी असत, लहान मुलांना अक्षरओळख करून देणारे मेलामेद असत, आणि हस्तलेखनावर उपजीविका करणारे लेखनिकही असत. दिवसभर अक्षरांच्या सहवासात राहणाऱ्या लोकांची ही कला आहे. म्हणूनच ती शिकू पाहणाऱ्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: अक्षरांची जागा ठरल्याशिवाय कागदाला पाते लावू नये. कागद मधोमध दुमडून कापला की डावी बाजू उजव्या बाजूसारखीच निघते. सिंह, पक्षी, खांब यांना ते सोयीचे असते. हिब्रू अक्षरे मात्र उजवीकडून डावीकडे चालतात आणि दुमडलेल्या कागदात कापली तर त्यांतली निम्मी उलटी पडतात. घडीची समरूपता आणि अक्षरांची एकमार्गी चाल यांचा मेळ घालणे हाच या कलेतला खरा प्रश्न आहे, आणि पुढच्या सर्व पायऱ्या त्याच्याभोवती रचलेल्या आहेत.

लेखणी आणि कात्री यांचे हे नाते जुने आहे. स्पेनमधल्या कार्रियोन गावचे कवी रब्बी शेम तोव यांनी १३४५ मध्ये लेखणी आणि कात्री यांच्यातील वादावर एक हिब्रू रचना केली. तीत दौतीतली शाई थंडीने गोठल्यावर लेखक कागदातून अक्षरे कापू लागतो. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इटलीत केतुबा, म्हणजे विवाहाचे करारपत्र, आणि एस्तेरच्या कथेची गुंडाळी यांच्या कडांना नाजूक कापकाम केले जाई. पूर्व युरोपात ही कला घरोघरी पोचली ती एकोणिसाव्या शतकात कागद स्वस्त झाल्यावर. कागद नाजूक असतो, कुटुंबे देशोधडीला लागली, आणि पुढे ज्यूंच्या संहारात माणसांबरोबर घरेही गेली. त्यामुळे मूळ नमुने फार थोडे उरले आहेत. जे ज्ञान हाती राहिले त्यात पोलंडमधील लोकसंस्कृतीच्या अभ्यासक गिझा फ्रँकेल यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या कागदांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे इस्राएलमध्ये हैफा येथे तो चालू ठेवला. जेरुसलेममध्ये येहुदित शादुर यांनी स्वतः कापकाम करून आणि जुन्या नमुन्यांचा मागोवा घेऊन या कलेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवे आयुष्य दिले.

मजकूर कोणता आणि कोणासाठी

आराखड्याआधी मजकूर ठरवावा, कारण त्यावरून कागदाचा प्रकार ठरतो. घराच्या भिंतीसाठी मिझ्राख, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, प्रार्थना चालवणाऱ्यासमोर लावायची शिविती, शवुओतच्या सणाला खिडकीच्या काचेवर आतून चिकटवायची गोल रॉयझेलेख, सुक्काच्या मांडवातली सजावट, बाळंतिणीच्या खोलीतले रक्षापत्र, मृत आप्तांच्या स्मृतिदिनांचा तक्ता असे कितीतरी प्रकार आहेत. पहिल्या कामासाठी मी मिझ्राखच सुचवतो. त्याचे कारण ‘आराखडा’ या भागात येईल. ते त्या शब्दाच्या चार अक्षरांत दडलेले आहे.

मिझ्राखवर शोभणारे वचन बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील ११३व्या स्तोत्राच्या तिसऱ्या ओवीत आहे: सूर्याच्या उगवतीपासून मावळतीपर्यंत परमेश्वराच्या नावाची स्तुती होवो. हिब्रूत ही ओवी अवघी सात शब्दांची आहे, त्यामुळे ती दोन ओळींत आरामात बसते. शिवितीवर १६व्या स्तोत्रातली आठवी ओवी असते: मी परमेश्वराला सतत माझ्यासमोर ठेवले आहे. शिवितीत ६७वे स्तोत्रही मेनोराच्या आकारात लिहिण्याची जुनी रीत आहे. शीर्षकाची ओळ वगळली तर त्याच्या सात ओव्या होतात आणि त्या सात शाखांवर एकेक बसतात.

इथे महाराष्ट्रातील वाचकाने एक विचार करायला हवा. आपल्याकडून जेरुसलेम पश्चिमेला, किंचित वायव्येकडे झुकून आहे. कोकणातील आणि मुंबईतील बेने इस्राएल समाजाच्या सिनेगॉगमध्ये तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याची जागा म्हणूनच पश्चिमेच्या बाजूला असते. तुम्ही हे काम अलिबागच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या बेने इस्राएल कुटुंबाला भेट देण्यासाठी करत असाल, तर ‘पूर्व’ असे लिहिलेला कागद त्यांच्या प्रार्थनेच्या दिशेशी जुळणार नाही. त्यांच्यासाठी शिविती करावी. स्वतःच्या अभ्यासासाठी आणि परंपरेतला मूळ नमुना समजून घेण्यासाठी मिझ्राख योग्य आहे.

दुसरी काळजी परमेश्वराच्या नावाची. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे देवाचे चार अक्षरी नाव एकदा लिहिले की ते पुसता येत नाही, फाडता येत नाही, आणि तो कागद रद्दीत टाकता येत नाही. जीर्ण झाल्यावर तो वेगळा राखून पुढे जमिनीत पुरतात. कैरोजवळील फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये शतकानुशतके साठलेले कागद, जे सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये केंब्रिजला नेले, ते याच रिवाजामुळे टिकले. तुमचा कागद सरावाचा असेल, चुकून फाटण्याची शक्यता असेल, तर त्यावर ते नाव लिहूच नये. त्याच्या जागी ‘हे’ हे एकच अक्षर आणि त्यापुढे एक तिरपी खूण करतात. हिब्रू छपाईतही ही पद्धत रूढ आहे. ६७व्या स्तोत्रात येणारा ‘एलोहीम’ हा शब्दही याच नियमात मोडतो, म्हणून त्यातल्या ‘हे’ऐवजी ‘कोफ’ हे अक्षर घालून तो लिहितात.

आणखी एक मर्यादा स्पष्ट असावी. तोराची गुंडाळी, तेफिलिन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी अंगावर बांधायच्या पेट्यांतला मजकूर, आणि मेझुझा, म्हणजे दाराच्या चौकटीवर लावायचा गुंडाळलेला मजकूर, हे केवळ प्रशिक्षित सोफेरने, म्हणजे धार्मिक लेखनिकाने, शुद्ध चर्मपत्रावर लिहायचे असतात. मेझुझात २२ ओळी आणि ७१३ अक्षरे असतात. त्यांतले एक अक्षर गळले किंवा शेजारच्या अक्षराला चिकटले तरी तो बाद ठरतो. ते आपले क्षेत्र नव्हे. मिझ्राख ही भिंतीची शोभा आहे आणि ती कोणीही करावी, पण ज्यांच्या अक्षरांवरून ती जन्मली त्या सोफेरच्या कामातले काही नियम समजून घेतले तर हात अधिक जबाबदारीने चालतो.

साहित्य

जुन्या कारागिरांकडे पांढरा साधा कागद, लाकडी फळी, खिळे आणि धारदार चाकू एवढेच असे. घडी घातलेला कागद फळीवर खिळ्यांनी ठोकून ते चाकूने कापत. आज ए३ आकाराचा, १०० ते १२० जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम, वजनाचा पांढरा कागद घ्यावा. त्याहून जाड कागदाचे दोन थर एका दाबात कापले जात नाहीत आणि पातळ कागद उघडताना फाटतो. हातकागद दिसायला सुंदर असतो, पण त्याचे लांब तंतू पात्याला अडतात आणि कड केसाळ निघते, म्हणून तो पाठीमागे लावण्यासाठी राखून ठेवावा.

पाते सर्जिकल ब्लेडचे घ्यावे. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात ११ नंबरचे ब्लेड आणि त्याला बसणारा ३ नंबरचा हँडल मिळतो. सहा-आठ पाती हाताशी असू द्यावीत. टोक किंचित बोथट झाले की कागद कापला न जाता ओढला जातो. याशिवाय कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, एचबी पेन्सिल, मऊ खोडरबर, ट्रेसिंग पेपर, स्टेपलर आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ लागेल. अक्षरांसाठी दीड ते दोन मिलिमीटर रुंदीचा चपटा निब किंवा बोरू आणि काळी, पाण्याने न पसरणारी शाई घ्यावी.

आराखडा

ए३ कागद २९७ मिलिमीटर रुंद आणि ४२० मिलिमीटर उंच असतो. तो उभा धरून डावी कड उजव्या कडेवर आणावी आणि घडी नखाने नव्हे, पट्टीच्या कडेने दाबावी. दर्शनी बाजू घडीच्या आत ठेवावी, म्हणजे पेन्सिलीच्या सर्व रेघा पाठीमागच्या बाजूवर पडतील आणि शेवटी पुसण्याची गरज राहणार नाही.

आता अर्ध्या भागावर जागांची वाटणी करावी. चारी बाजूंनी १५ मिलिमीटरची अखंड कड सोडावी. घडीच्या बाजूला अर्थातच कड नाही. आतल्या ३९० मिलिमीटर उंचीत तळाशी ४० मिलिमीटरचा पट्टा ओवीसाठी, त्यावर सुमारे २०० मिलिमीटरमध्ये मेनोरा आणि सिंह, त्यावर ४५ मिलिमीटरचा पट्टा ‘मिझ्राख’ या शब्दासाठी, आणि सर्वांत वर ७५ मिलिमीटरमध्ये मुकुट आणि पक्षी बसवावेत. मध्ये दहा-दहा मिलिमीटरचे अंतर उरते, ते वेलीसाठी. बाहेरच्या कडेला लागून २० मिलिमीटर रुंदीचा खांब काढावा. शब्दाचा पट्टा उघडल्यावर १२० मिलिमीटर रुंद होईल, म्हणजे अर्ध्या भागात घडीपासून ६० मिलिमीटर. ओवीचा पट्टा १४० मिलिमीटर, म्हणजे अर्ध्यात ७०. हे दोन्ही पट्टे या टप्प्यावर पूर्ण कोरे आणि भरीव राहू द्यावेत. जुने कारागीरही असेच करीत: अक्षरांच्या जागा कोऱ्या ठेवून भोवतालचे सगळे घडीत कापत आणि मजकूर कागद उघडल्यावर लिहीत.

घडीवर जे येईल ते अर्धेच काढायचे. मेनोराच्या मधल्या दांड्याचा अर्धा भाग आणि तीन शाखा तेवढ्या काढल्या की उघडल्यावर सात शाखा होतात. या शाखा सरळ कमानीसारख्या काढण्याऐवजी एकमेकींत गुंतलेल्या, गाठी घेत वर चढणाऱ्या काढण्याची पूर्व युरोपात मोठी आवड होती. पहिल्या कामात मात्र एका शाखेला एकच गाठ पुरे. गुंता वाढला की कोणती रेघ वरून जाते आणि कोणती खालून याचा हिशेब चुकतो आणि एक शाखा मधेच तुटते.

सिंहाकडे थोडे थांबून पाहावे, कारण या कागदांचे व्यक्तिमत्त्व त्याच्यात असते. तो शिकारी जनावरासारखा नसतो. मागच्या पायांवर उभा, पुढचे पंजे मेनोराला किंवा मुकुटाला टेकलेले, जीभ किंचित बाहेर, आणि चेहरा बऱ्याचदा माणसासारखा गोल. आयाळ दाखवण्यासाठी केस काढत नाहीत. मानेवर तीन रांगांत वळलेले छोटे छेद घेतात आणि मधला उरलेला कागदच आयाळ होतो. शेपूट पाठीवरून वळून वर जाते आणि तिचा झुपका खांबाला टेकतो. ती शेपूट केवळ नक्षी नव्हे, सिंहाला खांबाशी जोडणारा तो पूल आहे, आणि ती नसली तर सिंहाचा मागचा सगळा भाग लोंबेल.

हरीण, गरुड आणि चित्ता हेही परंपरेतले प्राणी. मिश्ना या जुन्या ज्यू धर्मसंहितेतील एका वचनात येहुदा बेन तेमा सांगतात की स्वर्गातील पित्याची इच्छा पाळण्यासाठी चित्त्यासारखे धीट, गरुडासारखे हलके, हरणासारखे चपळ आणि सिंहासारखे बलवान व्हावे. हेच प्राणी कबरींवरच्या दगडांत आणि लाकडी सिनेगॉगच्या रंगवलेल्या छतांवरही भेटतात. ग्वोझ्जेट्स गावच्या सिनेगॉगचे असे एक छत वॉर्सा येथील पोलिन संग्रहालयात पुन्हा उभारले आहे. ज्यांना आकृत्यांची ठेवण समजून घ्यायची आहे त्यांनी त्याची छायाचित्रे जरूर पाहावीत. सर्व प्राणी एकाच कागदावर कोंबण्याचा मोह आवरावा.

जोडणीचा नियम असा: उघडल्यावर संपूर्ण कागद एकसंध राहिला पाहिजे. जे कापून काढायचे ते सगळे पेन्सिलीने राखाडी करावे. मग बाहेरच्या कडेवर बोट ठेवून पांढऱ्या भागावरूनच प्रत्येक आकृतीपर्यंत जाता येते का ते तपासावे. लहान आकृतीला किमान दोन ठिकाणी आधार हवा, सिंहाएवढ्या आकृतीला चार ठिकाणी. कोणताही पांढरा दुवा दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नसावा. हा तपास आरशाने पूर्ण होतो: घडीच्या रेघेवर छोटा आरसा उभा धरला की उघडलेला कागद कसा दिसेल ते कापण्याआधीच कळते.

आता त्या चार अक्षरांकडे वळू. मिझ्राख हा शब्द मेम, झायिन, रेश आणि खेत या अक्षरांनी लिहितात. कागदातून अक्षर दोन रीतींनी निघते. पहिल्या रीतीत अक्षराचा आकार कापून काढतात आणि त्या भोकातून पाठीमागचा रंग दिसतो. तेव्हा सामेख किंवा शब्दाच्या शेवटी येणारे बंद मेम अशा अक्षरांच्या पोटातला कागद सुटून पडतो. दुसऱ्या रीतीत अक्षर ठेवून भोवतालचे कापतात; तेव्हा ‘हे’ आणि ‘कोफ’ या अक्षरांचा डावा पाय गळतो, कारण तो वरच्या आडव्या रेघेला जोडलेलाच नसतो. मिझ्राखमधील चारही अक्षरे या दोन्ही अडचणींतून सुटलेली आहेत. मेम खाली डाव्या कोपऱ्यात उघडे आहे, झायिन म्हणजे डोक्यावर छोटी आडवी टोपी असलेली एक उभी रेघ, रेशला वर छप्पर आणि उजवीकडे एक पाय, आणि खेतला दोन पाय असून ते खालून उघडे आहे. कुठेही बंद पोट नाही, कुठेही सुटा पाय नाही. नवशिक्याला याहून सोयीचा शब्द मिळणार नाही.

अक्षरांचा नमुना संगणकावरील चांगल्या चौकोनी हिब्रू फाँटमधून तीस मिलिमीटर उंचीचा छापून घ्यावा. दोन गोष्टी काटेकोर पाहाव्यात. मेमच्या तोंडाची फट तीन मिलिमीटरहून कमी असू नये, कारण मेमच्या पोटातला कागद तेवढ्याच पट्टीने बाहेरच्या कागदाला धरलेला असतो. आणि रेशचा वरचा उजवा कोपरा गोल असावा. तो टोकदार झाला तर ते दालेत वाचले जाते. तोराच्या गुंडाळीत ‘परमेश्वर एक आहे’ या वाक्यातील ‘एक’ या शब्दाचे दालेत मुद्दाम मोठे लिहितात, ते रेशशी गल्लत होऊ नये म्हणून, असे त्याचे एक पारंपरिक स्पष्टीकरण आहे.

कापणे

आराखडा पक्का झाला की दुमडलेल्या कागदाचे दोन थर हलू नयेत म्हणून कापून टाकायच्या राखाडी भागांत स्टेपलरच्या पिना माराव्यात. जुन्या कारागिरांचे खिळे हेच काम करीत. पिना कमीत कमी आठ-दहा असाव्यात आणि मधल्या भागात विखुरलेल्या असाव्यात. शेवटपर्यंत राहणाऱ्या मोठ्या तुकड्यांतच त्या असू द्याव्यात.

क्रम असा ठेवावा: आधी सर्वांत लहान छेद, म्हणजे आयाळ, पक्ष्यांचे डोळे, पानांच्या शिरा, मग मध्यम जागा, मग मोठ्या जागा, आणि कागदाची बाह्य कड शेवटी. मोठ्या जागा आधी कापल्या तर कागद लवचिक होतो आणि लहान छेद घेताना तो पात्याबरोबर सरकतो. मध्यापासून कडेकडे जावे, नाहीतर हात कापलेल्या भागावर टेकून तो मोडतो.

पाते पेनसारखे धरावे, पण शक्य तितके उभे. ते कलले तर वरच्या थरात सिंहाचा पंजा एक आकाराचा आणि खालच्या थरात दुसऱ्या आकाराचा होतो, आणि उघडल्यावर दोन सिंह भावंडे वाटण्याऐवजी परके वाटतात. वळण कापताना पाते स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने कागद फिरवावा. टोकदार कोपऱ्यात पाते कोपऱ्याच्या बिंदूत रोवून बाहेरच्या दिशेने ओढावे, मग कागद फिरवून दुसरी बाजूही त्याच बिंदूपासून कापावी. तुकडा अडला तर तो बोटाने उपटू नये; न कापलेला तंतू शोधून पात्याच्या टोकाने तोडावा. एका बैठकीत तासाभराहून अधिक काम करू नये. डोळे थकले की हात दाब वाढवतो आणि तिथेच दुवे तुटतात.

एखादा दुवा तुटलाच तर काम टाकून देऊ नये. पाठीमागून त्याच कागदाची मिलिमीटरभर रुंद पट्टी खळीने लावावी.

उघडल्यावर: अक्षरांचे कापकाम

पिना नखाने उचकटून काढाव्यात आणि कागद घडीपासून हळूहळू, दोन्ही हातांनी सारखा उघडावा. दोन स्वच्छ कागदांमध्ये ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबावा. घडीची रेघ पुसट राहीलच. जुन्या कागदांतही ती दिसते आणि ती लपवण्याची गरज नाही.

आता काम एकेरी थरावर आहे. अक्षरांचा छापील नमुना दर्शनी बाजूला कोऱ्या पट्ट्यावर ट्रेस करावा. पाठीमागून ट्रेस करायचे असेल तर नमुना उलटा छापावा लागतो, आणि त्यात घोळ होण्याची शक्यता मोठी आहे. मेम सर्वांत उजवीकडे येईल. झायिन अरुंद आहे, म्हणून चारही अक्षरांना समान रुंदी न देता त्यांमधल्या मोकळ्या जागा डोळ्यांना सारख्या वाटतील अशा ठेवाव्यात. मग पहिल्या रीतीने, अक्षरे भोकांच्या रूपात कापावीत.

सोफेरच्या नियमांत याच कृतीला सक्त मनाई आहे. पवित्र लेखनात अक्षर हे शाईने ‘लिहिलेले’ असले पाहिजे. भोवतालचा भाग खरवडून किंवा काढून टाकून अक्षर उरवले तर ते बाद ठरते. येशिवातल्या विद्यार्थ्याला हा नियम तोंडपाठ असे आणि तरी तो भिंतीवरच्या कागदात अक्षरे कापत असे, कारण हे लेखन पवित्र गुंडाळीचे नाही याची त्याला पूर्ण जाणीव होती. मला या कलेतली मोकळीक इथे सर्वांत जास्त जाणवते.

हाच टप्पा समरूपता मोडण्याचाही आहे. एका पक्ष्याच्या पंखात दोन छेद जास्त, एका सिंहाच्या पायाशी एक फूल, असे बदल आता एकेरी थरात करता येतात. ते थोडेच असावेत.

शाईने ओवी

तळाच्या पट्ट्यावर दोन ओळी आखायच्या आहेत. सोफेर चर्मपत्रावर ओळी पेन्सिलीने आखत नाही. बोथट टोकाने दाबून रंगहीन रेघ उमटवतो. आपणही न चालणाऱ्या बॉलपेनाने पट्टीच्या आधाराने तशीच रेघ दाबावी. हिब्रू अक्षर त्या रेघेखाली लटकते, जसे आपले अक्षर शिरोरेषेखाली लटकते, त्यामुळे मराठी हाताला ही सवय लवकर लागते. रोमन लिपीसारखे तळाच्या रेघेवर अक्षर बसवायला गेले की ओळ डगमगते.

आडव्या रेघा जाड आणि उभ्या रेघा बारीक हा चौकोनी हिब्रू अक्षराचा स्वभाव आहे, आणि निब त्याप्रमाणे धरावा. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातील, सोफेर हंसाच्या किंवा टर्कीच्या पिसाने लिहीत आणि त्यांच्या अक्षरांत जाड-बारीक हा फरक ठसठशीत दिसतो. सेफार्दी, म्हणजे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे, लेखनिक बोरूने लिहीत, त्यामुळे त्यांची अक्षरे अधिक गोलसर आणि सलग दिसतात. ज्यांनी मराठी सुलेखनासाठी बोरू वापरला आहे त्यांनी सेफार्दी वळण आधी करून पाहावे. सोफेरची शाई पारंपरिक रीतीने मायफळ, डिंक आणि हिराकस यांपासून करतात. हिराकसामुळे ती वर्षानुवर्षांत कागद खाते, म्हणून कापीव कागदावर कार्बनची काळी शाईच बरी.

पहिल्या ओळीत चार शब्द आणि दुसरीत तीन असे विभागावे. ओळी डाव्या कडेला नेमक्या संपवण्यासाठी हिब्रू लेखनिक शब्द तोडत नाहीत. दालेत, ‘हे’, लामेद, रेश, ताव यांसारख्या अक्षरांची आडवी रेघ लांबवतात. दुसरी ओळ आखूड पडते, तिथे ही युक्ती वापरावी. सहाव्या शब्दाच्या शेवटी बंद मेम येते, ते चौकोनी आणि चारही बाजूंनी मिटलेले काढावे. सातवा शब्द म्हणजे देवाचे नाव, तिथे एकटे ‘हे’ आणि खूण. आधी रद्दी कागदावर त्याच मापाची चौकट आखून ओवी अनेकदा लिहावी. शाई सांडली तर कापकामाचे सगळे श्रम वाया जातात, म्हणून काही जण ओवी वेगळ्या पट्टीवर लिहून चिकटवतात. मला ते पटत नाही, कारण मग अक्षर आणि नक्षी एकाच कागदाची राहत नाहीत.

हात बसल्यावर पुढच्या कामात सूक्ष्मलेखन करून पाहता येईल: सिंहाची बाह्यरेघ काढण्याऐवजी इवल्या अक्षरांतला मजकूरच त्या रेघेवरून चालवायचा. हिब्रू हस्तलिखितांतील ही रीत हजार वर्षांहून जुनी आहे. शमुएल बेन याकोव या लेखनिकाने १००८ च्या सुमारास कैरोत लिहिलेल्या, आज सेंट पीटर्सबर्गमध्ये असलेल्या बायबलच्या नक्षीपानांत ती पाहायला मिळते. अठराव्या शतकात व्हिएन्नाच्या शाही ग्रंथालयात काम करणारे आरोन वुल्फ हर्लिंगेन यांनी ती थक्क करणाऱ्या बारकाव्याला नेली.

वर्ष आणि नाव

टिकलेल्या अनेक मिझ्राखांवर करणाऱ्याचे नाव, वडिलांचे नाव आणि हिब्रू वर्ष आहे, आणि त्यामुळेच आज त्यांचा काळ सांगता येतो. हिब्रू वर्ष काढण्यासाठी इसवी सनात ३७६० मिळवावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हिब्रू नववर्षानंतर ३७६१. उदाहरणार्थ, २०२५ च्या उन्हाळ्यात ५७८५ होते. लिहिताना हजार गाळतात आणि उरलेले ७८५ अक्षरांत मांडतात: ताव ४००, शिन ३००, पे ८०, ‘हे’ ५. शेवटच्या अक्षराआधी दोन छोट्या तिरप्या रेघा देतात, म्हणजे तो शब्द नसून अंक आहे हे कळते. हे खालच्या कडेच्या कोपऱ्यात बारीक लिहावे. आपले नाव देवनागरीत लिहायला काहीच हरकत नाही.

पाठीमागचा कागद आणि चौकट

जुन्या कामांत कापीव कागदाला जलरंग देत आणि मागे रंगीत कागद किंवा चकचकीत वर्ख लावत. जलरंग द्यायचे असतील तर चिकटवण्याआधी, जवळजवळ कोरड्या ब्रशने द्यावेत. ओला कागद ताणला जातो आणि बारीक दुवे वळतात. पाठीमागे गडद निळा किंवा विटकरी हातकागद मला सर्वांत योग्य वाटतो, कारण अक्षरांच्या भोकांतून तो रंग ठळक उमटतो आणि पांढरी नक्षी उजळते.

खळ सगळीकडे लावू नये. टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके बाह्य कडेवर, खांबांवर आणि पट्ट्यांच्या पाठीला द्यावेत. सिंहांचे पंजे, शेपटी आणि पाने मोकळी राहू द्यावीत, म्हणजे त्यांची सावली मागच्या कागदावर पडते. खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी पद्धत कीड लागू नये म्हणून होती, पण मोरचूद विषारी आहे आणि पांढऱ्या कागदावर डागही पाडतो, म्हणून तो टाळावा. आपल्या दमट हवेत त्याऐवजी चौकटीच्या पाठीमागे कापराची छोटी पुडी अधूनमधून बदलत राहावी.

चौकट करणाऱ्याला काच आणि कागद यांच्यामध्ये तीन-चार मिलिमीटरची पट्टी घालायला सांगावे. काच कागदाला टेकली तर पावसाळ्यात दोन्ही चिकटतात. थेट ऊन पडेल अशी भिंत टाळावी. पेन्सिलीचा आराखडा कापण्याआधी ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवलेला असेल, तर त्याच मापांवर पुढचा कागद वेगळ्या ओवीसाठी करता येतो. बदलायचे असतात ते फक्त दोन कोरे पट्टे आणि त्यांवरची अक्षरे.